पोरगी सरकारी घरात, बैल कोंडवाड्यात

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दोर. अंबाडीचा. दोर एकट्यानं वळता येत नाही. एकानं टोक धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं पीळ घालत मागं मागं सरकायचं. टोक तिच्या हातात होतं, पीळ माझ्या. दुपार कलली होती, तांडा कापूस वेचायला गेला होता. घरात आम्ही गोरमाटीत, आमच्या बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलत असू. इथं मी ते वऱ्हाडीत लिहितो, नाही तर वाचणाऱ्याला काय कळणार.

"ओढा ना नीट," ती म्हणाली. "हातात जोर नाई राह्यला का?"

"तूच सैल सोडून राह्यली."

"मी काहून सैल सोडू? मी खांबावानी उभी हाय. तुमीच बुढे झाले."

दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या कोर्टात तारीख होती. तारखा पुष्कळ झाल्या होत्या, पण ही तिची होती. तिची साक्ष. सरकारी वकील बोलला होता की आता सगळं या बाईच्या तोंडावर आहे. म्हणून दोर वळता वळता मी आरोपीचा वकील झालो आणि तिची उलटतपासणी घेऊ लागलो.

"बाई, तुमचं वय काय?"

"तुह्या मायपेक्षा कमीच."

"असं बोलली तर साहेब तुलेच आत टाकीन."

"टाकू द्या. आत त्याची अन् माही गाठ तरी पडन."

"बरं, बैल कोनं घेतले?"

"तांड्याच्या नायकानं मोजून घेतले, माह्या मालकाच्या दावणीले बांधले. आमची रीत हाय. अन् वकीलसाहेब, तुमच्या लग्नात तुमच्या बापानं हुंडा घेतला, तवा तुमाले इकलं का इकत घेतलं?"

मला हसू आलं. इतकं की हातातला पीळ सुटला. ती चिडली, म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून. आम्ही पहिल्यापासून वळला. दोर झाला. ती हातपाय धुऊन ओट्यावर टेकली आणि छातीवर हात दाबून तशीच वाकली. पोरगी पाणी घेऊन धावली. दिवे लागायच्या वेळी ती गेली. शेवटचं बोलली ते मलाच. "तारीख पुढं जाऊ देऊ नोका."

आता मुळापासून सांगतो.

आमच्या तांड्याच्या हिशेबानं जगात माणसं दोनच जातीची. गोर आणि कोर. आपली बोली बोलतो तो गोर, बाकी सगळे कोर. ही बोली शाळेत नाही, पुस्तकात नाही, कोणी शिकवत नाही आणि बाहेरचा कोणी शिकायला येत नाही. मग ज्याला ती येते तो आपलाच. तांड्यातलं कुत्रंसुद्धा गोरमाटी बोलणाऱ्यावर भुंकत नाही. तो माणूस हे ओळखून आला होता.

कळंबच्या बैलबाजारात तो दलाली करायचा. गोरमाटी अशी बोलायचा की जणू आमच्याच आगीजवळ शेकून मोठा झालेला. त्यानं नायकाला सांगितलं, मारवाडाकडे आपले लोक आहेत, जमीनजुमला आहे, पोरं लग्नाची आहेत, पण आपल्या रक्ताची पोरगी तिकडं मिळत नाही. मारवाड म्हटलं की आमच्या म्हाताऱ्यांचे डोळे भरतात. आपण मूळचे तिकडचे, असं प्रत्येकाच्या आजानं सांगून ठेवलेलं. नायक खूश झाला. माझ्या पोरीसाठी नवरदेव म्हणून एक हडकुळा पोरगा आणला गेला. तो फार बोलला नाही. आम्हाला वाटलं लाजतो.

आमच्यात नायकासमोर गूळ वाटला की सोयरीक पक्की. मग फिरायचं नाही. नायकानं स्वतःच्या हातानं गूळ वाटला, अख्ख्या तांड्यानं खाल्ला. मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला बैल द्यायचे, ही रीत माझ्या बापाच्या लग्नात होती, माझ्या लग्नातही होती. पोरीच्या मायसाठी माझ्या बापानं बैल दिले होते, आणि तिला कोणी विकलेली म्हणत नव्हतं. तसे बैल आले. चांगले होते. पोरगी सोळाचीही नव्हती.

पोरगी सासरी निघाली की आमच्यात ढावलो गातात. गाणं म्हणावं तर रडणं, रडणं म्हणावं तर गाणं. बाया पोरीला वयात यायच्या आधीपासून शिकवतात. माणसं त्या वेळी लांब बसतात, चिलीम ओढतात. कोणत्याही बाप्याला ढावलो येत नाही. यायचं कामच नाही. पोरीला बैलावर उभं केलं, ती मायच्या नावानं गात होती, बाया रडत होत्या आणि तो दलाल सामान बांधत होता.

मग पत्ता नाही. निरोप नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी नायकाकडं गेलो की तो म्हणे, मारवाड लांब आहे बाप्पा. एक दिवस बायको चुलीपुढं बसल्या बसल्या मला म्हणाली,

"तो सामान बांधताना ढावलो गुणगुणत होता."

"कोन?"

"तो मेला. पोरगी थांबली की पुढचं त्याच्या तोंडात. बाप्याले कुठून आलं ते?"

मी म्हटलं ऐकलं असन कुठं.

"ऐकलं असन," ती म्हणाली. "एकदा ऐकून येत नाई. रोज ऐकलं असन. कोनी पोरगी त्याच्या घरात रोज रडली असन. बोलीही त्यानं तिच्यापासूनच घेतली."

तिनं आणखी एक सांगितलं. त्याच्या तोंडातले शब्द आमच्या तांड्याचे नव्हते. ढावलो इकडं एक तऱ्हेचा, तिकडं दुसऱ्या. ते वळण फुलसावंगीकडचं होतं. तिची मावशी त्या बाजूला दिलेली होती, म्हणून तिला कळलं. ती भाकरी बांधून निघाली. एकटीच. मी म्हटलं मी येतो, तर म्हणाली बाप्याला कोणी सांगणार नाही. त्या बाजूचे तांडे फिरली आणि एका घरात चुलीजवळ जाऊन बसली, ज्या घरची पोरगी आमच्या आधी मारवाडाला दिली होती. तोच माणूस. तसाच गूळ. त्यांनाही निरोप नव्हता.

मग आम्ही पोलिसात गेलो. फौजदार खुर्चीत मागं रेलून ऐकत होता. शेवटी बोलला,

"तुम्ही लमाण लोक पोरी बैलावर विकता, आणि मग बोंबलता."

मी म्हटलं, विकली नाही, लग्न लावलं.

"लग्न लावलं ना? मग सासरी गेली. सासरी गेलेल्या पोरीची फिर्याद काय लिहू?"

म्हणजे विकली म्हणावं तर मी चोर, लग्न म्हणावं तर चोरीच नाही. दोन्ही बाजूंनी तो माणूस मोकळा. ती मधी पडली. साहेब, सरकारनं बायापोरी पळवणाऱ्यांसाठी कायदा केला असं आम्ही ऐकलं, म्हणाली. बाजारात रेडिओवर कोणी सांगितलं होतं. फौजदार म्हणाला, झालाय, दिल्लीत झालाय, पण अजून लागू झाला नाही.

लागू व्हायची आम्ही वाट पाहिली. कायदा बैलगाडीनं आला वाटतं दिल्लीहून. आला तेव्हा तोच फौजदार म्हणाला, आता लागू आहे, पण तो चालवायला खास अधिकारी लागतो, मी साधा.

"तो खास कुठं बसते?" तिनं विचारलं.

"वर."

"वर म्हंजे देवाजवळ का?"

शिपाई हसले. फौजदारही हसला. कदाचित त्या हसण्यानंच त्यानं कागद वर पाठवला, मला माहीत नाही. दरम्यान आमचं सरकारही बदलत राहिलं. पोरगी गेली तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो, फिर्याद दिली तेव्हा मुंबई राज्यात, आणि पुढं महाराष्ट्रात. आमचा तांडा एक हात हलला नाही. कागद मात्र दरवेळी म्हणे दुसऱ्या कचेरीत गेला.

शेवटी खास अधिकारी निघाले. लांबच्या मोठ्या शहरात एका माडीवर छापा पडला. आमची पोरगी तिथं होती. फुलसावंगीकडची नव्हती. ती आधीच मेली होती.

आणि ऐका, कायद्यानं पहिला दणका कोणाला दिला. माझ्या पोरीला. माडीच्या सज्जात उभी राहून गिऱ्हाईक बोलावते म्हणून. त्याच कायद्यात ते कलमही आहे. तिला उभं कोणी केलं ते मागाहून पाहू, आधी ती उभी होती ना? मग मॅजिस्ट्रेटनं तिला सरकारी घरात ठेवायचं ठरवलं, आणि मायबाप लायक आहेत का पाहायला एक सरकारी बाई आमच्या तांड्यात पाठवली.

बाई वाईट नव्हती. चपला काढून बसली, ताक प्याली. मग वही काढली.

"बैल घेतले होते?"

"हो."

"कुठे आहेत?"

मी गोठ्याकडं बोट दाखवलं. ती उठून बैल पाहून आली. मग हळूच म्हणाली, "काका, मुलगी तुमच्या ताब्यात दिली आणि तुम्ही पुन्हा कुणाकडून बैल घेतले तर?"

माझ्या तोंडाशी तेव्हा जे आलं ते मी गिळलं. आज गिळणार नाही. बाई, तुमच्या सरकारात कोणाच्याही बापाला अक्कल नाही का? पोरगी चोरीला गेली माझी, आणि लायकी माझीच तपासता! चोराच्या घरी ताक प्यायला कोणी गेलं होतं का?

मॅजिस्ट्रेटनं पोरीला सरकारी घरात मुदतीवर ठेवलं. पोलिसांनी बैल मुद्देमाल म्हणून सोडून नेले आणि कोंडवाड्यात बांधले. वर मला सांगितलं, कडबा तुम्हीच आणून टाका, सरकारकडं तरतूद नाही. मी टाकत होतो. एक बैल तिथंच मेला. आणि ज्यानं हे सगळं केलं तो? त्याला पकडलं, त्यानं जामीन दिला, आणि बाभुळगावच्या बाजारात तंबाखू मळत बसू लागला. पोरगी सरकारी घरात, बैल कोंडवाड्यात, आणि दलाल बाजारात.

मी बाजारात दिसलो की तो गोरमाटीत राम राम घालायचा. आमच्याच बोलीत. हसून.

एका बाजाराच्या दिवशी मी कुऱ्हाडीला धार लावली. तिनं पाहिलं आणि कुऱ्हाड उचलून धान्याच्या कणगीमागं टाकली.

"मले देऊन टाक," मी म्हटलं.

"कायले? तुमी जेलात बसान, माह्या पोरीले कोन आनन? अन् तो एकदाच मरन. एकदा मरून काय होते?" ती थांबली. "मले तो जेलात पाह्यजे. सरकारच्याच हातानं. रोज सकाळी उठून त्याले कळलं पाह्यजे का तो कुठं हाय. जशी माही पोरगी उठत होती."

माझ्या रागापेक्षा तिचा राग मोठा होता. माझा वर यायचा आणि खाली बसायचा. तिचा निखाऱ्यासारखा, वरून राख. मी कुऱ्हाड पुन्हा शोधली नाही.

मुदत संपल्यावर पोरगी घरी आली. ती माणसांसमोर बसत नाही, एवढंच लिहितो. बाकी तिचं आहे. कोर्टात तिनं साक्ष दिली. दलालाच्या वकिलानं तिला जे विचारलं ते ऐकून पट्टेवाला भिंतीकडं पाहू लागला. तिनं सगळ्याचं उत्तर दिलं. शेवटी वकील साहेबांना म्हणाला, असल्या बाईच्या बोलण्यावर भल्या माणसाला शिक्षा कशी होणार? माझी साक्ष झाली तेव्हा त्यानं फक्त बैलांचं विचारलं. आणि सोयरीक ज्यानं जमवली, गूळ ज्यानं वाटला, तो नायक? त्याच्या नावाचं समन्स आलं की नायक जंगलात. मोहं वेचायला, डिंक काढायला, काहीही. शिपायाला तांड्यात फक्त त्याची बायको सापडायची. बोलला असता तर सगळ्यांना कळलं असतं की नायकाच्या शब्दावर पोरगी कोठ्यावर गेली. मग नायकपण कुठलं. बाकीचे गूळ खाणारेही त्याच्यामागं तोंड शिवून बसले.

म्हणून राहिली होती फक्त पोरीच्या मायची साक्ष. आणि ती तारखेच्या आदल्या संध्याकाळी गेली.

सकाळी माणसं जमली. बांबू तोडून आणले, तिरडी बांधायला बसले. नायक आला, फेटा काढून हातात घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लवकर उरकू," म्हणाला. "ऊन व्हाच्या आत."

"आज तारीख हाय," मी म्हटलं.

"तारीख काय, पुन्हा भेटते. मानूस पुन्हा भेटत नाई."

मी त्याचा हात खाली केला. दारात जाऊन उभा राहिलो, पाठीमागं ती, तिच्या उशाशी पोरगी.

"खांदा कोन देनार?" मी विचारलं.

"हे काय इचारनं झालं? आमी सगळे."

"नाई. ज्यानं तो गूळ खाल्ला अन् कोर्टाचं नाव काढलं का पळाला, त्याचा खांदा तिले लागनार नाई. बांबू ठेवा खाली."

कोणी ठेवले, कोणी हातातच धरून राहिले. एक जण म्हणाला, दुःखानं डोकं फिरलं याचं. नायकाला राग आला. तांड्यातून मढं निघावं आणि नायकाचा खांदा नसावा, असं कधी झालं नाही. झालं तर तो नायक नाही, एवढं तिथं उभ्या असलेल्या लहान पोरालाही कळत होतं.

"मंग कोन नेईन तिले?" नायक ओरडला. "बाया नेतीन?"

आतून पोरगी म्हणाली, "मी नेईन." परत आल्यापासून माणसांपुढं निघालेला तिचा तो पहिला आवाज.

मग नायकाची बायको उठली. जाड बाई, गुडघे दुखतात तिचे. बायांतून वाट काढत आली आणि माझ्या दारात, माझ्या बाजूला, नवऱ्याकडं तोंड करून बसली.

"एक कोपरा मी धरीन," म्हणाली. "शिपाई आला का दरवेळी मीच खोटं बोलतो, मालक रानात गेले म्हनून. आता नाई बोलनार."

"तू घरी चाल," नायक म्हणाला.

"तुमी कोर्टात चाला, मी घरी जातो."

कोणी हसलं नाही. नायक उभा राहिला, तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग आत पडलेल्या तिच्याकडं. मला त्याची दया येत नव्हती. आजही येत नाही. त्यानं फेटा डोक्याला गुंडाळला, नीट नाही, कसातरी, आणि मोटारीच्या रस्त्याकडं चालू लागला. मी मागून.

कोर्टात पुकारा झाला तिच्या नावाचा. मी उभा राहून सांगितलं, मेली. दलालाच्या वकिलानं मान खाली घातली, पण ओठ मला दिसले. दलाल भिंतीला टेकून होता. मी सरकारी वकिलाच्या कानात सांगितलं, नायक बाहेर बसला आहे. तो धावत गेला.

नायक पिंजऱ्यात उभा राहिला. म्हणाला, "गूळ म्या वाटला. बैल म्या मोजले. बापानं रीत केली, इकलं नाई. मारवाडाचं सांगत आलता तो हाच."

दलालाच्या वकिलानं विचारलं, "इतकी वर्षं कुठे होतात?"

"जंगलात."

कोर्टात हशा झाला. नायकाचा चेहरा काळा पडला. मला बरं वाटलं.

"जंगलात का?"

नायकानं दलालाकडं बोट केलं. "यानंच सांगतलं. समन्स आलं का निघून जात जा. दारू पाठवत होता मले. परवाही पाठवली."

साहेबांनी लेखणी थांबवली आणि पुन्हा विचारलं. नायकानं पुन्हा सांगितलं. वकील उठून काही बोलू लागला, साहेबांनी त्याला खाली बसवलं. साक्षीदार फोडतो म्हणून जामीन रद्द, असा हुकूम झाला. मला आधी समजलं नाही. दोन शिपाई दलालाकडं चालत गेले आणि बेडी घातली, तेव्हा समजलं. तो माझ्याकडं वळला आणि गोरमाटीत म्हणाला, भाऊ, सांग ना यांना.

मी त्याला आमच्या बोलीत सांगितलं, ती काल मेली, घरी तशीच ठेवून आलो आहे, तुझ्यासाठी.

नायक मोटारीकडं गेला. मी गेलो नाही. शिपाई त्याला पायीच नेत होते, मी मागून चालत राहिलो. जेलजवळ आल्यावर एक शिपाई वळला.

"ए बुढ्या, तू कुठं येऊन राह्यला?"

"पाह्याले."

"काय पाह्यते?"

"दार लागते का नाई ते."

दलाल आत गेला. आधी लहान दार लागलं, मग आतून अडसर टाकल्याचा आवाज आला. तो ऐकून मी मोटार धरली. घरी तिला अग्नी द्यायचा होता.